आत्यांचा दिवा वाढला

बंद पडलेल्या एका शाळेची जुनी व्हॅन यांनी निवृत्तीनंतर विकत घेतली, तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. हे म्हणजे माझे यजमान. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात आयुष्यभर मशिनी दुरुस्त केलेला माणूस. रिकामा बसला की हात शिवशिवायला लागतात. पण बाकं निघून तिथं पलंग आला, मग छोटा ओटा आला, आणि शेवटी मागच्या कोपऱ्यात दार लावून घेता येईल असा संडास झाला, तेव्हा माझा राग विरघळला. तो संडास कुणासाठी आहे हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. आत्यांचे गुडघे गेलेले, त्यात साखर, त्यामुळं घटकेघटकेला उठावं लागायचं. बस नको, कार नको आणि रस्त्यावरच्या धाब्याचा संडास तर मेले तरी नको. त्यामुळं हिंडलग्याचं घर सोडून त्या कुठं म्हणून जायच्या नाहीत. पण एका ठिकाणी मात्र त्यांना जायचंच होतं.

निपाणीच्या पलीकडं एका खेड्यात त्यांची धाकटी बहीण राहते. माझे सासरे गेले तेव्हा हीच धाकटी मावशी आली, आणि सगळ्या भावकीच्या डोळ्यांदेखत तिनं आत्यांच्या मोकळ्या हातात काचेच्या बांगड्या चढवल्या. कुणी काही बोलायच्या आतच म्हणाली, "माझ्या आक्काचे हात असे बघायला मी जित्ती न्हाय." त्यानंतर आत्यांचे हात कधी मोकळे राहिले नाहीत. पुढं मावशींचे यजमान गेले, आणि नेमक्या तेव्हा आत्या गुडघ्याच्या ऑपरेशननं अंथरुणावर. जाता आलं नाही. मावशींच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच. फोनवर त्या म्हणायच्या, "आता कशाला गं आक्का, लोक काय म्हणतील." दुसऱ्या कुणाच्या हातून त्या भरून घेणार नाहीत हे आत्यांना पक्कं माहीत होतं. मला तर ते दोघींचं बोलणं ऐकवायचं नाही. फोन ठेवल्यावर आत्या उगीच स्वतःच्या बांगड्या मनगटावर मागंपुढं करत बसायच्या.

गाडीचं सगळं झालं तेव्हा आत्या तयार झाल्या, पण आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी बजावलं, "एकदा न्या. पन मधनंच माघारी आनलासा, तर पुन्ना मला म्हनून विचारायचं न्हाय. मी काय ह्या उंबऱ्याच्या भाईर पडायची न्हाय." आत्या बोलल्या म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

निघण्याआधीचा महिना यांनी दिव्यांत घालवला. व्हॅनमधले जुने पिवळे बल्ब असे मिणमिणते की डाळीत खडा आहे की जिरं, कळू नये. ते सगळे काढून यांनी एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. "कमी खातात आनि जास्त उजेड देतात," हे मला कौतुकानं सांगायचे. मी म्हटलं, आपल्या घरात असं एखादं माणूस असतं तर बरं झालं असतं. रोज संध्याकाळी हात पुसत हे जाहीर करायचे: आज ओट्यावरची लाईट वाढवली. आज पलंगावरची वाढवली. आज पायरीची वाढवली. गल्लीतली माणसं विचारायची, फिरता दवाखाना काढताय काय? आणि खरंच, रात्री सगळे दिवे लावले की आत शिरताना आपली तपासणी होणार असं वाटायचं.

त्याच कामात ओट्याशेजारी दोन दिव्यांची एक पाटी लागली. पलंगाखाली घरगुती वापराची वेगळी बॅटरी आहे. गाडी चालू असली की ती चार्ज होत राहते. हिरवा दिवा असला की सगळं ठीक. तांबडा लागला की काहीतरी बिघडलं. "तांबडा लागला की आधी थांबायचं, मग इचार करायचा," हा यांचा कायदा. पाटीच्या समोरच आत्यांची बसायची जागा, म्हणून लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडं.

जायच्या दिवशी आत्यांनी बेळगावातून आणवलेल्या जांभळ्या बांगड्या बुटाच्या खोक्यात, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवल्या. ठेवता ठेवता एक टचकन गेली. "एक वाढली गं," त्या म्हणाल्या. बांगडी फुटली असं आत्या कधीच म्हणायच्या नाहीत. मी बेळगावच्या गल्लीत वाढलेली असले तरी एवढं मलाही कळत होतं. तुकडे गोळा करून मी तुळशीच्या कुंडीत टाकले.

जेवणं उरकून निघालो. संकेश्वरपर्यंत आत्यांनी कोपऱ्यातल्या खोलीचा दोनदा उपयोग केला आणि दोन्ही वेळा बाहेर येऊन लेकाकडं कौतुकानं बघितलं. हे आरशातून बघत होते. कान लाल झाले होते. आणि तवंदीच्या घाटात, एका खड्ड्यात गाडी आदळल्याबरोबर, मागून हाक आली:

"तांबडा लागला रं!"

यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि बाहेरच्या बाजूनं बॅटरीच्या कप्प्याचं दार उघडून आत वाकले. मी दारात उभी राहिले, आत्या आत पाटीसमोर. बाहेरून धाडधाड ट्रक जात होते. एकानं वेग कमी करून काच खाली केली आणि विचारलं, "एनात्री?" काय झालं म्हणून. मी हात हलवून "एन इल्लरी" म्हटलं, काही नाही हो, आणि मनात म्हटलं, देवा, खरंच काही नसू दे. आत्यांच्या मांडीवर ते बुटाचं खोकं होतं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. माघारी वळलो तर ते खोकं पुन्हा कपाटात जाणार आणि तिथंच राहणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

थोड्या वेळानं यांनी कप्प्यातूनच ओरडून विचारलं, "बघ गं, दिवा काय म्हंतोय?"

मी आत विचारलं. आत्या म्हणाल्या, "वाढला."

मी बाहेर ओरडले, "वाढला म्हणतात!"

हे कप्प्यातून असे बाहेर आले की डोकं दारावर आपटलं. तोंड पांढरंफटक. "वाढला? आईला खाली उतरीव! आदी उतरीव तिला! आत शॉर्ट झालंय!"

मग काय विचारता. बॅटरी पलंगाखाली, आत्या पलंगावर. मी आत्यांना बगलेत धरून जवळजवळ उचललंच. गुडघ्यांचं भान ना त्यांना, ना मला. त्या पायरीवरून उतरताना "अगं, काय झालं, अगं, खोकं सांभाळ" म्हणत होत्या, आणि मी नुसतं "चला, चला" करत होते. रस्त्याच्या कडेला त्यांना उभं केलं.

"आता फुडं जायाचं न्हाय," हे म्हणाले. फोन काढला होता. "गाडी वडून न्यायला बोलीवतो. बेळगावला परत."

आत्यांनी पदर खोचला, खोकं काखेत मारलं आणि निपाणीच्या दिशेनं चालायला लागल्या. एक पाय टाकायच्या, थांबायच्या, दुसरा टाकायच्या.

"आई! कुठं निघालीस?"

"तू जा बेळगावला. मी म्होरं जाते."

मला रडू आलं आणि रागही आला, यांचा, दिव्याचा, त्या खड्ड्याचा. यांनी मला त्यांच्यामागं धाडलं आणि स्वतः श्वास रोखून आत डोकावले, आग कुठवर आली बघायला. मी आत्यांचा दंड धरला तेवढ्यात मागून आवाज आला. जरा वेगळाच.

"आई, कुठं वाढलाय दिवा? हितं हिरवा हाय की."

आत्या वळल्या. "मग? वाढला म्हनून सांगितलं न्हवं? तांबडा वाढला, हिरवा लागला. डोळे फुटलेत का रं तुझे?"

मग हे मटकन पायरीवर बसले आणि कपाळ धरून हसायला लागले.

कळलं ते असं. दिव्यांच्या कामात बॅटरीची एक तार यांनी सोडवून पुन्हा बसवली होती, तिचा नट ढिला राहिला होता. खड्ड्यात तो हलला, तांबडा लागला. यांनी पान्यानं आवळला, तांबडा गेला. दिवा विझला असं आत्या मरेपर्यंत म्हणणार नाहीत, वाढला म्हणणार, देवापुढचा असो की बॅटरीचा, आणि त्यातून बहिणीच्या वाटेवर. बांगडीचं वाढणं मला माहीत होतं, दिव्याचं नव्हतं. आत्यांनी थेट सांगितलं असतं तर त्यांच्या लेकाला बरोबर कळलं असतं, पण निरोप आला माझ्या तोंडून, आणि महिनाभर घरात वाढवणं म्हणजे उजेड वाढवणं. आपलीच भाषा आणि आपल्याच घरात दुभाष्या कमी पडला. मी रस्त्याच्या कडेला बसून इतकी हसले की घाटातली माणसं बघायला लागली. इतकं हलकं मला मुलांच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. खोकं उघडून बघितलं. एकही बांगडी वाढली नव्हती.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशींच्या घराच्या पायऱ्या उंच, आत्यांना चढवेनात, म्हणून मावशीच गाडीत आल्या. दोघी एकमेकींना धरून किती तरी वेळ रडल्या. तोवर आमच्या गाडीतल्या पलंगावरच्या एकाच दिव्याचा पांढरा लखलखाट बघून गल्ली गोळा झाली होती. डोळे तपासायची गाडी आलीय अशी कुणीतरी आवई उठवली असावी, कारण एक म्हातारबाबा चष्मा आणि जुनी चिठ्ठी हातात घेऊन पायरीशी उभे होते. यांनी त्यांची समजूत घातली.

आत्यांनी खोकं उघडलं. मावशींनी हात पदराखाली घेतले. "आक्का, आदी तेवढा दिवा वाढव बघू. समदी गल्ली बघतीया."

हे आता शहाणे झाले होते. एका शब्दानं न विचारता दिवा घालवायला हात बटणाकडं गेला.

"थांब रं," आत्या म्हणाल्या. "तिचं ऐकू नगंस. म्हैनाभर तू वाढवत हुतास न्हवं, तसा वाढव."

यांनी आईकडं पाहिलं. मग पलंगावरचा तसाच ठेवला, ओट्यावरचा लावला, पायरीचा लावला, बाहेरचाही लावला. त्या उजेडात आत्यांनी धाकटीचा हात पदराखालून ओढून मांडीवर घेतला, साबणाचं पाणी लावलं, आणि बोटं दाबत दाबत एकेक बांगडी चढवली. मावशी मान खाली घालून बसल्या होत्या. बाहेर कुजबूज चालली होती, ती मग थांबली.

दोन्ही हात भरून झाले तेव्हा खिडकीशी मावशींच्याच वयाची एक शेजारीण आली. ती जराशी घुटमळली आणि म्हणाली, "रंग चांगला हाय. बघू?"

मावशींनी एकदा आत्यांकडं बघितलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढला.