साल्वू ग्रेकचे कान

वीजकेंद्र बंद पडलं तेव्हा साल्वू ग्रेकला दोन गोष्टी मिळाल्या. एक, कंपनीकडून मनगटी घड्याळ आणि दुसरी, सरकारकडून फुकटात काहीतरी नवं शिकायची सोय. घड्याळ त्याने मेव्हण्याच्या गळ्यात मारलं. शिक्षणाचं काय करायचं ते मात्र त्याला कळेना. आमच्या लाट्रोब खोऱ्यात बाप केंद्रात तर मुलगाही केंद्रात, हाच शिरस्ता. आता केंद्राच्या चिमण्या थंड पडल्यावर सरकारला आमच्या शिक्षणाची आठवण झाली होती. उशिराने का होईना, सुचलं म्हणायचं.

"घरात बसलास तर मी तुझा खून करीन," कोरल त्याला म्हणाली. कोरल म्हणजे त्याची बायको, गावातल्या खाटकाची मुलगी. "आणि तुरुंगात मला पस्तित्सी कोण करू देणार? जा, काहीतरी शीक."

पस्तित्सी म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्या. माल्टाहून आलेल्या सासूकडून कोरल त्या शिकली आणि पुढे सासूपेक्षा बऱ्या करायला लागली, हे सासूनेही मरताना कबूल केलं होतं. साल्वूच्या वाट्याला आलेलं बोलणंही त्या संसारात कोरलनेच उचललं होतं. तो मान हलवायचा, ती बोलायची. कित्येक वर्षं ते गाडं असंच सुरळीत चाललं होतं.

बाकीच्यांनी ट्रक चालवायचं नाहीतर म्हाताऱ्यांची सेवा करायचं शिक्षण घेतलं. साल्वूने नाव घातलं ते फिल्म आणि माध्यम निर्मितीच्या वर्गात. का, ते त्याला नीट सांगता आलं नाही. वर्गात सगळी विशीच्या आतली पोरं. निळे केस, नाकात रिंगा. पहिल्या दिवशी तो दारात उभा राहिला तेव्हा त्यांना वाटलं, हीटर दुरुस्त करायला माणूस आला.

"हीटर त्या कोपऱ्यात आहे," टालिया नावाची पोरगी म्हणाली.

"मला माहीत आहे. मी विद्यार्थी आहे."

"आई शप्पथ!" टालिया म्हणाली आणि शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. तेव्हापासून ती त्याला म्हातारबा म्हणायची आणि तो तिला निळी म्हणायचा.

कॅमेरा त्याला जमेना. पण लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक डोक्यावर धरून हात न थरथरता उभं राहणं हे त्या कोवळ्या पोरांच्या बापजन्मात जमणारं नव्हतं. साल्वूचे दंड केंद्रातले. तो खांबासारखा उभा राहायचा. त्यामुळे आवाज हे खातं आपोआप त्याच्याकडे आलं. प्रू नावाच्या त्यांच्या बाई पहिल्याच तासाला सांगायच्या, की गुणगुणणारं जे जे असेल ते आधी बंद करा. फ्रिज, पंखा, सगळं. आणि फ्रिज बंद केलात तर गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय तुम्हाला घरी जाताच येणार नाही. साल्वूला हे फार पटलं. केंद्रातही असेच धडे असायचे.

त्याच हिवाळ्यात कोरलला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग बोलताना. डॉक्टरांनी छातीतलं पाणी काढलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि दोघांना समोर बसवलं. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घ्यायची कोणाला गरज पडत नाही. 'धूळ लागली' म्हटलं की कळतं. अॅस्बेस्टॉसची धूळ. केंद्रातल्या वाफेच्या नळ्यांवर तेच लिंपलेलं असायचं. पुरुष मरतात त्याने, हे खोऱ्याने मान्य केलेलं आहे. पण कोरलने केंद्राच्या फाटकात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिने फक्त नवऱ्याचे कामाचे कपडे झटकले आणि धुतले, रोजच्या रोज. साल्वूची छाती अजून ठणठणीत होती. देवाला हिशोब येत नाही, एवढंच याला म्हणता येईल.

घरी जाताना गाडीत कोरल म्हणाली, "तुला परीक्षेसाठी कोणाचीतरी मुलाखत घ्यायची आहे ना?"

"आहे."

"मग माझी घे. लवकर घे. माझा आवाज जाणार असं डॉक्टर म्हणाला, ऐकलंस ना? मी गेल्यावर या घरात कोण बोलेल? तू?"

त्या दिवसापासून साल्वूच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. परीक्षा गेली खड्ड्यात. कोरलचा आवाज, स्वच्छ, जसाच्या तसा, त्याला ठेवून घ्यायचा होता.

मुलाखतीच्या दिवशी तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. यंत्र घरघरायचं म्हणून साल्वूने ते मागच्या पडवीत नेलं, लांब नळी दाराखालून आणली आणि दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. फ्रिज बंद केला. किल्ल्या लोण्याशेजारी ठेवल्या.

"हे तुला कॉलेजात शिकवतात?" कोरलने विचारलं. "फीचे पैसे सरकारने भरले ते बरं झालं."

"तुझं नाव सांग. आणि पूर्ण वाक्यात सांग. माझा प्रश्न नंतर कापायचा असतो."

"माझं नाव कोरल ग्रेक, आणि इतकी वर्षं एका घरात राहून माझ्या नवऱ्याला ते माहीत नाही. हे वाक्य पूर्ण आहे का?"

ती दुपारभर बोलली. बापाचं दुकान, नाचाच्या हॉलमधली पहिली भेट, साल्वूने पायावर पाय दिला ते, सासूने पहिलं वर्षभर तिला 'ती इंग्लिश' म्हटलं ते. मध्ये मध्ये थांबून श्वास घेत होती, पण हसवत होती. साल्वूने कानावरचे हेडफोन घट्ट दाबून धरले होते. रेकॉर्डरवरचा आवाजाचा काटा बरोबर जागच्या जागी नाचत होता. आपण आयुष्यात एक काम चोख केलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात टालियाने ते लावलं आणि लगेच बंद केलं.

"म्हातारबा, ही शीऽऽ कसली आहे?"

"कसली शी?"

"ही. सगळीकडे आहे. तिच्या आवाजावर पावडर टाकल्यासारखी." तिने परत लावलं. साल्वूने मान पुढे केली. कोरल बोलत होती, छान बोलत होती. बाकी काही नव्हतं.

टालिया त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने संगणकातून एक बारीक शिट्टी वाजवली. "ऐकू येते?"

"कधी वाजवणार आहेस?"

वर्गात कोणी हसलं नाही. टर्बाइनच्या हॉलमध्ये उमेदवारीपासून काढलेली वर्षं. तिथे कानात बोळे घालायची पद्धत फार उशिरा आली. बारीक आवाज कधीच निघून गेले होते आणि जाताना त्यांनी काही कळवलं नव्हतं. खोऱ्यात पूर्वीसारखे पक्षी राहिले नाहीत असं साल्वू बरेच दिवस म्हणत होता, एवढंच. नाकातल्या नळीतून सुटणाऱ्या ऑक्सिजनची शीं त्याने कोरलच्या प्रत्येक शब्दावर गोळा करून आणली होती.

टालियाने दोन दिवस खटपट केली. शीं काढली की कोरल पाण्याखालून बोलल्यासारखी वाटायची. ठेवली की कानाला टोचायची. "मला नाही टोचत," साल्वू म्हणाला. पण तो आवाज फक्त त्याच्यासाठी नव्हता. ब्रिस्बेनला राहणाऱ्या त्यांच्या मुलीसाठी होता, पुढे होणाऱ्या नातवंडांसाठी होता. आणि खरं सांगायचं तर, जे खराब आहे असं कळलं ते चांगलं म्हणून ठेवून घेणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं.

त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा कोरलने डोळे मिटले. आता तिला एका दमात चार शब्द यायचे.

"मग नळी काढ."

"वेडी आहेस का?"

"थोडा वेळ राहते मी. अंघोळीला काढतेच की."

"नाही म्हणजे नाही."

"सॅल," ती म्हणाली. "तुझ्या केंद्राने सगळं घेतलंय. आवाज तरी मी माझा ठेवणार. काढ."

त्याने टालियाला हेडफोन घालून बसायला बोलावलं. आपल्या कानांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. मग त्याने स्वतःच्या हाताने बायकोच्या नाकातली नळी काढली आणि माइकची काठी उचलली.

कोरलने या वेळी नाचाचा हॉल सांगितला नाही, सासूही सांगितली नाही. ती सरळ मुद्द्यावर आली.

"माझ्या नवऱ्याचे कपडे... मी मागच्या दारात झटकायचे. ऊन असलं की... धूळ चमकायची. छान दिसायची. आमची पोरगी त्यात... हात फिरवायची." ती थांबली. "लोक विचारतात, राग येतो का. येतो. नवऱ्याचा नाही. त्याला... कोणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं... त्यांच्या बायकांनी... स्वतः कपडे धुतले नाहीत." पुन्हा थांबली. ओठ निळसर दिसायला लागले होते. साल्वूने काठी खाली घ्यायला सुरुवात केली. तिने डोळे वटारले. काठी परत वर गेली.

"माहीत असतं तर... धुतले असते का? मुळीच नाही. मी काय... खुळी आहे? पण त्याला सोडलं... नसतं. घाणेरड्या कपड्यांत... ठेवलं असतं."

टालिया रडत होती, तरी तिने अंगठा वर केला. आवाज स्वच्छ होता.

साल्वू नळी घेऊन पुढे झाला, तर कोरलने हाताने अडवलं. मुलाखत संपली की त्याच खोलीत, त्याच माणसांनी गप्प बसून थोडी शांतता भरून घ्यायची असते, शब्दांमधल्या फटी बुजवायला. हे साल्वूनेच तिला मागे कौतुकाने सांगितलं होतं. त्याच्या कामात काही कमी राहू नये म्हणून ती आता गप्प बसली होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. साल्वूला धड थांबवेना, धड पुढे जाववेना. काटा किंचित हलत होता, हेडफोन टालियाच्या कानांवर होते. मग त्याच्याने राहवेना. त्याने काठी टाकली आणि नळी लावली.

त्यानंतर कोरल फार दिवस राहिली नाही. ते त्या दुपारमुळे झालं का, असं साल्वूने नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, नाही, ते तसंही झालंच असतं. भल्या बाईने दुसरं काय सांगायचं?

दफन झालं, मुलगी ब्रिस्बेनला परत गेली, आणि साल्वू वर्गात आला. फिल्म जोडून झाली होती. पोरांनी बघितली, प्रूबाईंनी बघितली. शेवटी टालियाने ती शांतता नुसतीच लावली, पडद्यावर काही नाही. खोलीतले सगळे चेहरे एकदम बदलले. एका पोराने तोंडावर हात ठेवला.

साल्वूने हेडफोन मागून घेतले, आवाज पूर्ण मोठा केला. त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"काय आहे त्यात, निळे?"

"ती आहे," टालिया म्हणाली. "श्वास घेते आहे. फार बारीक, शिट्टीसारखा."

"सूर खाली आण. माझ्या कानाला ऐकू येईल इतका जाड कर."

तिने केला. हेडफोनमधून काहीतरी घोगरं, ओढल्यासारखं आलं. एखादं जनावर गोठ्यात हुंगत असावं तसं. साल्वूने ते थोडं ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले.

"ही कोरल नाही. होतं तसं कर."

टालियाने होतं तसं केलं. साल्वूने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "तू ऐक आणि मला सांग. ती श्वास घेते तेव्हा बोट वर कर. सोडते तेव्हा खाली."

पोरगीने डोळे पुसले, हेडफोन घातले, बटण दाबलं. तिचं बोट वर गेलं. खाली आलं. वर गेलं. खाली आलं. साल्वू त्या बोटाकडे पाहत होता आणि नकळत त्याच्याच लयीत स्वतः श्वास घेत होता. बोट वर. खाली. वर. खाली.

मग ते वर गेलंच नाही. साल्वू थोडा थांबला, आणि हात पुढे करून खुर्चीतून अर्धा उठला.

"फाइल संपली, सॅल," टालिया म्हणाली. "इथे तू नळी लावलीस."