गोदा-मांजरा लीगचे उस्ताद

उस्ताद मैदानावर कुणालाही नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. “लोहा, काठी खाली! हदगाव, पाय लागला तुझा, मी पाह्यलं!” मी लोह्याची, म्हणून कॉलेजची सगळी वर्षं मी नुसती लोहा होते. एकदा भडकून विचारलं, “उस्ताद, मला नाव आहे की नाही?” तर म्हणाले, “हाय की. घरी वापर.”

लातूरच्या एका कॉलेजातून खेळशिक्षक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस नांदेड-लातूरच्या कॉलेजांच्या हॉकी लीगमध्ये पंच म्हणून उभा राहायचा. गुडघे गेलेले, पण उन्हात टोपी घालणार नाही. शिट्टी एकदाच वाजवायचे. कुणी वाद घालायला आलं की पाठ फिरवून चालू लागायचे आणि वाद घालणारा मागं मागं पळायचा.

लीगचं नावही त्यांनीच ठेवलेलं. पहिल्या वर्षी नांदेड-लातूर म्हणायचं की लातूर-नांदेड, यावरून कॉलेजं एकमेकांच्या अंगावर गेली होती म्हणे. विभागीय आयुक्तालय कुणाकडं यावरून भांडणारी ही गावं, नावावरून कशाला सोडतील? तेव्हा उस्ताद म्हणाले, “गोदा-मांजरा म्हणा अन् खेळा. त्या दोघी नद्या खाली जाऊन मिळतातच.” भांडण तिथंच मिटलं.

दोन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना हुक्की आली. सगळ्या संघांना जर्सी देतो, मैदानावर मांडव घालतो, लीगला आमच्या वडिलांचं नाव द्या. वडिलांनी जन्मात हॉकीची काठी धरली नव्हती. रस्ता त्यांच्या नावाचा, वाचनालय त्यांच्या नावाचं, बसथांब्याचं शेडसुद्धा त्यांच्याच नावाचं. आता आमचा खेळही? प्राचार्य माना डोलवत बसले. हे थांबवू शकेल असा एकच माणूस होता, कारण लीगच्या बैठकीत हे ठरवणारे कॉलेजांचे निम्मे क्रीडा संचालक उस्तादांच्याच हाताखाली खेळलेले. आणि उस्ताद तयार होते. “बोलतो मी. दोन मिनिटांचं काम हाय.”

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला कॉलेजपासून पत्रकं काढायची सवय. ‘लीग विकायची नाही!’ असा मथळा, अध्यक्षांना सरळ सवाल, आणि शेवटी जोर यावा म्हणून ठळक ओळ: ‘नाव द्यायचंच असेल तर उस्तादांचं द्या!’ त्यांना विचारलं नाही. छापखानेवाल्यानं त्यांचा फोटो टाकला आणि हाताच्या सवयीनं भोवती फुलांची चौकट घातली. आपल्याकडं नाव देतात ते मेलेल्या माणसाचं, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्ही शहरांच्या बसस्टँडवर पत्रकं वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांना बैठकीला न्यायला गेले, तर दारात चपलांचा ढीग. शिरूर अनंतपाळहून एक जुना फुलबॅक पहिल्या एसटीनं अंत्यदर्शनाला हार घेऊन आला होता. दार खुद्द उस्तादांनीच उघडलं, तोंडात ब्रश. तो आडदांड गडी त्यांना मिठी मारून ढसाढसा रडला.

“आरं, आणलाच हाय तर घाल की,” उस्ताद म्हणाले.

आतून काकू कडाडल्या, “घाला, घाला! अन् त्या लोहावालीला बोलवा आधी. तिलाच घालते मी हार!”

लोक गेल्यावर उस्तादांनी पत्रक माझ्यापुढं धरलं. आता ते हसत नव्हते.

“बैठकीत उभा राहून काय म्हणू मी? नदीचं नाव ठेवा म्हनलं, तर म्हणतील, म्हातारा सोताच्या नावासाठी बोलून राहिला.”

“पण उस्ताद, त्यांच्या वडिलांपेक्षा तुमचं नाव…”

“तू बी तेच करून राहिलीस की. ते बापाचं घेऊन आले, तू माझं घेऊन आलीस.”

ते बैठकीला आले नाहीत. अध्यक्षांनी माझंच पत्रक फडकवलं: “विरोध करणाऱ्यांनाही माणसाचंच नाव हवंय. मग आमच्या वडिलांचं का नको?” चहा यायच्या आत ठराव मंजूर.

पुढच्या हंगामात अध्यक्षांच्या त्याच मांडवासमोर उस्ताद शिट्टी घेऊन उभे. मी तणतणत गेले. “तुम्हाला इथं उभं राहवतं कसं?”

“पोरं खेळायला आलीत. पंच नको का त्यांना?”

मला त्यांनी कधीच बोल लावला नाही. लई शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत अध्यक्षांनी घोषणा केली: उत्कृष्ट खेळाडूच्या ढालीला उस्तादांचं नाव. टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडं बघू लागले, जणू मी जिंकले. मी उठले. म्हटलं, “ढाल नको. त्यांना स्वतःचं नाव लागायला नको होतं, म्हणून त्या दिवशी ते घरी बसले. माझ्या पत्रकानं त्यांना घरी बसवलं. लीगचं जुनं नाव परत द्या.” मागून कुणीतरी ओरडलं, “बस खाली!” सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुढच्या वक्त्याला बोलावलं.

अर्ज दिला आहे. एक पान, फोटो नाही. तीन क्रीडा संचालकांनी सही केली, बाकीचे “बघू” म्हणतात. सोमवारी हदगावला जाते आहे. तिथले सरही बघूच म्हणाले होते, पण या म्हणाले.