शेंडे तेवढे घ्या

केस वाढवायचे असतील तर माणसानं न्हाव्याकडं सतत जात राहिलं पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच पुरुष मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या नशिबी आला. हे आमचे दाजी. त्या काळी, म्हणजे सत्तर सालानंतर, जालन्यात लांब केसांची पोरं दिसायला लागली होती. पण ती बिचारी कात्रीला भिऊन केस वाढवायची. दाजींचे खांद्यावर रुळणारे केस मात्र कात्रीच्याच जिवावर वाढलेले होते. दर पंधरवड्याला, दुसरं सगळं जग रविवारची झोप काढत असताना, ते सलूनमध्ये जाऊन बसत आणि सांगत, "शेंडे तेवढे घ्या."

यामागचं शास्त्र ते कुणालाही, न विचारता, समजावून सांगत. ते बियाण्याच्या कारखान्यात कामाला असल्यामुळे त्यांचे सगळे दाखले शेतातले असत. "कपाशीचा शेंडा खुडला म्हंजे काय होतं? फुटवा येतो. डोक्याचं रानबी तसंच हाय." मी एकदा भीत भीत म्हणालो, "पण दाजी, कपाशी पुढं वेचून मोकळी करतात." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जालन्यात बसस्टँडच्या मागे एका म्हाताऱ्या चाचाचं सलून होतं. दाजी दारात दिसले की चाचा आधी उसासा टाकायचा आणि मग पांढरं कापड झटकायचा. कारण दाजींची कटिंग म्हणजे दोन तासांचा कार्यक्रम. दर चार केसांनंतर ते हात वर करून चाचाला थांबवत, आरशात डावीकडून बघत, उजवीकडून बघत, आणि कधी कधी खाली वाकून फरशीवर पडलेला तुकडा उचलून उजेडात धरत. "चाचा, हे जरा जास्ती गेलं."

"वापस लगा देऊं क्या?" चाचा शांतपणे विचारायचा. "मियाँ, काटना है के नक्को, एक बात बोलो. मैं रात को सपने में भी तुम्हारेच शेंडे काटरूं."

या केसांनी अक्काचं लग्न मोडायचंच बाकी ठेवलं होतं. दाजी तिला पाहायला आमच्या गावी, आष्टीच्या अलीकडं, आले तेव्हा आबा, म्हणजे आमचे वडील, दारात उभे होते. पाय धुणाऱ्या पाव्हण्याला पाठमोरं बघून ते मायला आत जाऊन म्हणाले, "पोरगा मागं राह्यला वाटतं, त्याची बहीण पुढं आली." पुढं सगळं जमलं. नोकरी चांगली, माणूस निर्व्यसनी, अक्काला पसंत. आबांची एकच अट होती. "लग्नाआधी केस कापून या." दाजी "बराबर हाय, कापतो" म्हणाले. लग्नाच्या आदल्या दिवशी आले ते केस तसेच खांद्यावर. आबांचा चेहरा उतरला. दाजींनी खिशातून कागदाची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. आत अर्ध्या बोटाच्या लांबीचे शेंडे होते. "मामा, शब्द दिल्ता. कापले." आबा पुडीकडं बघत राहिले आणि मग त्यांना असं हसू फुटलं की मांडव घालणारी माणसं खाली उतरून आली. त्या हसण्यात अट वाहून गेली.

लग्नानंतर अक्कानं ते केस आपल्या संसाराचा एक भाग म्हणून पदरी घेतले. कारखान्यात धूळ फार, यंत्राच्या पट्ट्यात केस अडकायची भीती वेगळीच, म्हणून तिनं जुन्या लुगड्याची एक टोपी शिवून दिली. ती घालून दाजी पोत्यांमधून फिरायचे तेव्हा एखाद्या नाटकातून पळून आलेल्या राजपुत्रासारखे दिसायचे. एस.टी.त तर एकदा कंडक्टरनं मागून खांद्याला न शिवता, मोठ्या अदबीनं सांगितलं, "बाई, पुढं जागा हाय, बसून घ्या." दाजी पुढं जाऊन बायकांच्या जागेवर बसले आणि परतूरपर्यंत कुणी उठवलं नाही. घरी येऊन म्हणाले, "केसांचा खर्चा वसूल झाला."

एवढं सगळं कशासाठी, हे मी त्यांना एकदाच सरळ विचारलं. आम्ही दोघं चाचाकडून परत येत होतो. त्यांनी कॉलरीत अडकलेला एक केस काढून फुंकून टाकला. मग म्हणाले, "आमच्या गावचा न्हावी आपल्या लोकांच्या डोक्याला हात लावत नव्हता. माय कापायची. डोक्यावर पायऱ्या पाडायची पार. मी जालन्याला आल्तो तवा पहिल्यांदा खुर्चीत बसलो. चाचानं गळ्याला पांढरंशिपट कापड बांधलं, मानेवर थंड पाणी मारलं. उठूच वाटंना. बारीक कापले तर दोन महिने जायला कारण न्हाई. मंग म्हणलं, वाढवावेत. म्हंजे सारखं जाता येतं." आणि लगेच, आपण काही गंभीर बोलून गेलो याची लाज वाटल्यासारखं, त्यांनी कपाशीचा विषय काढला.

आमच्या गावातही तेच होतं. आमच्या बौद्धवाड्यातली डोकी लिंबाखाली, एकमेकांच्या हातानं उरकली जात. आम्ही धम्म घेतला, पोरं शाळेत गेली, काही मास्तर झाली, तरी गावचा न्हावी आमच्या बाजूला वळला नव्हता, आणि आबांच्या पिढीनं त्याची वाट बघणंही सोडून दिलं होतं. मग त्या न्हाव्याच्या मुलानं एस.टी. थांब्याजवळ दुकान टाकलं. फिरती खुर्ची, समोर मोठा आरसा, दारात पडदा. आमच्यातलं कुणी आत गेलं नव्हतं.

त्या वर्षी जयंतीला दाजी आले आणि सकाळीच मला म्हणाले, "चल, शेंडे वाढलेत." आबांनी ओळखलं. "पाव्हणं, कशाला उगं? जालन्यात कापताच की."

"मामा, जालन्याला जाईस्तोवर लई वाढतील," दाजी म्हणाले आणि चालू लागले. आबा चपला घालून मागून आले. जावयाला एकटं सोडणं त्यांना जमेना.

दुकानात बाकावर गावातला एक म्हातारा शेतकरी दाढीसाठी बसला होता. खुर्ची रिकामी होती. दाजी सरळ जाऊन तिच्यात बसले. न्हाव्याचा मुलगा आमच्याकडं बघत राहिला, मग पडद्याबाहेर बघून आला. म्हणाला, "कात्रीला धार न्हाई."

"लाव. मी बसून राह्यलो," दाजी म्हणाले.

तो धार लावत बसला. धार लावून संपली तरी लावत राहिला. आबा दाराच्या चौकटीला धरून, ना आत ना बाहेर, असे उभे होते. शेवटी बाकावरचा म्हातारा कंटाळून म्हणाला, "आरं, काप की लेका. मला वावरात जायचंय."

पोरानं कापड उचललं. दाजींच्या गळ्याभोवती बांधलं. मग केसांचा तो पसारा हातात घेऊन तो अगदी रडवेला होऊन म्हणाला, "पाव्हणं, एवढे मोठे केस म्या कधी कापले न्हाईत. कुठून सुरू करू?"

एवढं दाजींना पुरे होतं. त्यांनी त्याला कपाशीपासून सुरुवात करून सगळं शास्त्र सांगितलं. दर चार केसांना थांबवलं. बाकावरच्या म्हाताऱ्यानं दोनदा कपाळाला हात लावला. पण कटिंग पूर्ण झाली. वाईट झाली. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली बोटभर आखूड. एरवी यावरून दाजींनी चाचाचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथं ते आरशात बघून फक्त म्हणाले, "बराबर हाय," आणि उठून उभे राहिले. "मामा, बसा."

आबा म्हणाले, "माझं काय कापायचंय आता?" पण बसले. त्या पोरानं काही न विचारता कापड बांधलं. मानेवर पाणी उडालं तसे आबांनी डोळे मिटून घेतले, ते शेवटपर्यंत उघडले नाहीत.

पुढं दाजी चाचाकडं जायचे बंद झाले नाहीत, पण आमच्या गावी येणं मात्र वाढलं. अक्का म्हणायची, माहेरची ओढ मला कमी आणि यांनाच जास्त. केस विरळ होत गेले, मग कडेला थोडे उरले, आणि अक्कानं एक दिवस ती लुगड्याची टोपी बोहारणीला देऊन टाकली.

मला मात्र त्या दिवशीची दुपार जास्त आठवते. आम्ही घरी आलो तेव्हा माय रिवाजाप्रमाणे दारातच ऊन पाण्याची बादली घेऊन उभी होती. केस कापून आलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, हा आबांचाच नियम. आबांनी बादलीकडं पाहिलं. त्यांच्या मानेवरची दुकानातली पावडर अजून तशीच पांढरी दिसत होती.

"राहू दे जरा वेळ," ते म्हणाले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पाणी निवत राहिलं.