मुकादमाचा डबा

सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोर मी झुणका-भाकर विकायची. त्या काळी कामावर माणसं मुकादमच घ्यायचा, आणि बहुतेक मुकादम आपले सोयरेच भरायचे. हा एक मात्र येईल त्याच्या हातात तुटलेला धागा द्यायचा. गाठ मारताना बोटांकडे बघायचा, तोंडाकडे नाही.

एकदा त्याच्या बायकोचा भाऊ आला. त्याची गाठ ओढताच सुटली.

"दाजी, घरचा माणूस हाय की मी!"

"म्हणून शिकवतो. पण गाठ टिकल्याबिगर घेत न्हाय."

त्या दुपारी मुकादमाचा घरून येणारा डबा आलाच नाही. माझ्या बाकड्यावर भाकरी मोडत तो मेव्हण्याकडून गाठी मारून घेत बसला. मला हसू आलं.

"अक्का," तो म्हणाला, "ह्याला जमंस्तवर माझी भाकरी हितंच टाक."