फाट्यावरची डहाळी

मी गणिताची मास्तरीण. तीस वर्षं नगरच्या शाळेत पोरांवर ओरडले, "पायऱ्या दाखवा, नुसतं उत्तर नको!" भुताखेताचं, चमत्काराचं कुणी काढलं की मी तिथून उठून जायचे. आता स्वतःच सांगायला बसलेय, आणि पायऱ्या काही दाखवता येत नाहीत... संताप त्याचाच जास्त आहे.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं स्कॉटलंडला गेलो होतो. लेकीचं लग्न. मुलगा तिकडचा, म्हणून आमचे हे दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हते. शेवटी जामखेडजवळच्या गावाहून सासऱ्यांनी — आबांनी — फोनवर झापलं, "पोरीला एकलं सोडतो व्हय रं?" तेव्हा कुठे तिकिटं काढली. लग्न दुपारी दोनला, डोंगरापलीकडच्या एका गावात. आमच्यानंतर लगेच दुसऱ्या जोडप्याच्या लग्नाची वेळ होती, म्हणजे थांबायची सोय नाही. आणि आम्ही पोचलो नाही तर पोरीला एकच वाटणार — बाबा मुद्दाम आले नाहीत.

भाड्याची गाडी. हे चालवतायत, मी शेजारी. अकराला मोबाईलची रेंज गेली. गाडीतला नकाशा नुसता गोल गोल फिरत बसला. रस्ता एवढा अरुंद की समोरून कुणी आलं की आपण मागे जायचं. विचारायचं कुणाला? मेंढ्यांना? आपल्याकडे टपरीवर थांबलं तर चार माणसं पाच रस्ते सांगतात, पण सांगतात तरी!

"तुम्हाला कालच म्हटलं होतं, कागदी नकाशा घ्या म्हणून!"

"तू जरा गप बस गं."

साडेअकराला एक फाटा लागला. पाटी नाही. डावीकडच्या रस्त्यावर मधोमध हिरवी डहाळी, वर दगड. "डावीकडेच चला, समुद्र तिकडेच असणार," असं मीच ठरवलं, उतरले आणि डहाळी लाथेने उडवली. अंगठ्यात कचकन काटा घुसला. वीस मिनिटांनी तो रस्ता एका कुरणाच्या कुंपणाशी संपला! परत फिरलो तेव्हा मला रडूच यायला लागलं होतं.

उजवीकडच्या रस्त्याने निघालो, तर पुढे पुन्हा फाटा. पुन्हा डहाळी, वर दगड. मी उतरणार तोच ह्यांनी माझा हात धरला.

"अगं थांब... ही बाभूळ आहे."

बाभूळ! त्या गार, ओल्या डोंगरात!

ह्यांच्या लहानपणी जत्रेला पायी जाताना आबा पुढे असायचे. फाटा आला की चुकीच्या वाटेवर डहाळी टाकून वर धोंडा ठेवायचे, मागून येणाऱ्या पोरांनी तिकडे जाऊ नये म्हणून. लग्न झाल्यापासून शंभरदा ऐकलंय मी हे. तरी खेकसलेच, "अहो, हे स्कॉटलंड आहे!"

ह्यांनी गाडी सुरू केली. डहाळी नव्हती तो रस्ता धरला. पुढे आणखी चार फाटे लागले, चारही ठिकाणी डहाळी. दोनला पाच कमी असताना पोचलो. पोर दारातच उभी होती. "बाबा..." एवढंच म्हणाली, आणि हे तिला मिठी मारून लहान मुलासारखे रडले.

लग्न लागल्यावर गावी फोन केला. धाकट्या जाऊबाईंनी उचलला, पार वैतागलेल्या.

"आवो आक्का, आबांनी दुपारी चारपासनं नुसतं डोकं उठावलंय! बांधावरची बाभळ मोडत्यात, अंगनात टाकत्यात, वर धोंडा ठिवत्यात. हात रगतबंबाळ झाल्यात. इचारलं तर म्हनत्यात, पोरगं म्हागनं येतंय, चुकंल."

तिकडचे चार म्हणजे आमचे साडेअकरा. मी हिशोब दोनदा केला.

वर्ष होत आलं. उत्तर समोर आहे, पायऱ्या एकही नाही. योगायोग म्हणावं, तर त्या दिवशी जाऊबाईंच्या हातून आबांनी फोन घेतला होता.

"पोचलासा न्हवं?"

"हो आबा. वेळेत."

"बरं झालं. पर सूनबाई... पयली डहाळी कुनी उडावली गं?"

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.