तेलाच्या जहाजावरचा गोलंदाज

हार्लन ट्वेट नौदलात गेला तो युद्धनौकेवर मोठ्या तोफा उडवायला. निदान अमेरिकेत लेक सुपीरियरकाठच्या डलूथमध्ये गोदीवरच्या सगळ्यांना त्याने सांगितलं होतं तसंच. नौदलाने त्याला दिलं 'विलो रिव्हर', पॅसिफिकमध्ये लढाऊ जहाजांना भरसमुद्रात तेल पाजत हिंडणारं एक लठ्ठ, संथ जहाज. तोफा त्यावरही होत्या, पण नावापुरत्या. मागच्या टोकाची एक हार्लनच्या वाट्याला आली आणि तो तिला रोज इतकी पुसायचा, की खानसामा द्यूसो म्हणायचा, एवढं तर बायकोलाही कुणी जपत नाही.

एकदा भर दुपारी टेहळ्याला आकाशात चकाकणारा ठिपका दिसला. शत्रूचं विमान समजून कप्तानाने हुकूम दिला आणि हार्लनने जन्माची हौस फेडून घेतली. ठिपका जागचा हलेना. गोळे सोडून सोडून तोफ तापली, तेव्हा दिशा बघणारा अधिकारी डुलकीतून उठून वर आला, डोळे चोळत बघत राहिला, आणि शांतपणे म्हणाला, "तो शुक्र आहे."

त्या दिवसापासून हार्लन झाला ज्योतिषीबुवा. सूप वाढताना द्यूसो अदबीने विचारायचा, "बुवा, आज कुठला ग्रह पाडायचा?" हुकूम देणाऱ्या कप्तानाला मात्र कुणी काही म्हणत नसे. हार्लनला तेच जास्त लागे, पण तो सूप संपवून पुन्हा तोफ पुसायला जायचा.

पुढच्या हिवाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, एक विनाशिका तेलाला शेजारी आली. दोन्ही जहाजं अंगाला अंग घासल्यासारखी चालली होती, मध्ये तेलाची नळी. एका लाटेसरशी नळी तुटली, तेल उसळलं आणि विनाशिकेवरचा एक खलाशी घसरून मधल्या खळाळात गेला. तो वाहत मागे आला, तेव्हा तिथे तोफेपाशी हार्लन होता. गोदीवर धान्याच्या जहाजांना दोर फेकण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्याने वजन बांधलेला दोर उचलला आणि फेकला. दोर त्या माणसाच्या खांद्यावर पडला. त्याने तो मनगटाला गुंडाळून घेतला, कप्तानाने वेग कमी केला आणि चौघांनी मिळून त्याला ओढून वर घेतलं.

अँब्रोज पेटिस त्याचं नाव. तेलाने नखशिखांत काळा, डोळे तेवढे पांढरे. हार्लन त्याला खसाखसा धूत होता. द्यूसो कॉफी घेऊन आला. थट्टा विसरून त्याने पहिला कप हार्लनपुढे धरला.

वादळ सरेपर्यंत पेटिस तिथेच राहिला. विनाशिकेने माणूस परत मागितला, तर कप्तानाने कळवलं, आम्ही न पाहिलेले दोन सिनेमे पाठवा, मग मिळेल. विनाशिकेने एकच देऊ केला. आपली किंमत एवढीच हे ऐकून पेटिस रुसला. शेवटी दीडावर तडजोड झाली. दुसऱ्या सिनेमाचं शेवटचं रीळ हरवलेलं होतं.

युद्ध संपलं, 'विलो रिव्हर' भंगारात गेली. हार्लन पुन्हा गोदीवर दोर फेकू लागला. 'विलो रिव्हर'वरच्या जुन्या खलाशांचं संमेलन दर उन्हाळ्यात भरायचं आणि पेटिस आपल्या विनाशिकेचं सोडून याच्यात यायचा. तिकडे जेवण चांगलं असतं, तो म्हणायचा, पण तिकडे सगळेच शूर, छळायचं कुणाला? शुक्राची गोष्ट तो डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायचा आणि दरवर्षी त्यात गोळे वाढायचे. हार्लनची बायको इंगा त्याला आणखी मासा वाढत म्हणायची, "ह्यांनी तुला वर ओढलं, हीच ह्यांची चूक."

संमेलन उरकलं की दोघे लेक सुपीरियरवर गळ टाकायला जायचे. पेटिसला होडीत उभं राहून मासा ओढायची खोड होती.

"बस खाली," हार्लन म्हणायचा.

"अरे, तळं आहे हे."

"बस म्हणतो ना."

मग पुटपुटत का होईना, पेटिस बसायचा.