एकटीचं मागणीपत्र
“दोन दिवस मागू नको. चार माग, म्हंजी तीन मिळत्यात,” असं कुणीतरी आमच्या सोसायटीच्या वॉचमनला हळू आवाजात सांगत होतं. मी लिफ्टची वाट पाहत उभी होते. वॉचमनला बहिणीच्या लग्नासाठी गावी जायचं होतं आणि सल्ला देणारे होते आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. बोलणी करून बदलता येणार नाही अशी एकही गोष्ट या जगात नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

काका मूळचे चाकणजवळच्या एका गावातले. शेताशेजारी कारखाना आला आणि ते त्यात कामाला लागले. पुढे अनेक वर्षं युनियनचे सेक्रेटरी होते आणि दर तीन वर्षांनी होणारा पगाराचा करार तेच करायचे. आता निवृत्त होऊन पिंपळे सौदागरला मुलाकडे राहतात, पण करार करायची सवय सुटलेली नाही. डॉक्टरांनी साखरेमुळे भात बंद करायला सांगितला, तेव्हा काकांनी आधी दोन्ही वेळच्या भाताची मागणी ठेवली, मग एका वेळेवर तडजोड केली आणि सणवार त्यातून वगळून घेतले. हे सगळं डॉक्टरांच्याच कागदावर लिहून घेऊन त्याखाली सही घेतली. तो कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. सून भाताच्या पातेल्याकडे बघून काही बोलायला लागली की काका त्याकडे नुसतं बोट दाखवतात. नातवाशी त्यांचा मोबाइलच्या वेळेचा करार आहे. एकदा मुदत वाढवून मिळावी म्हणून नातू जेवलाच नाही. सुनेने त्याला फटका दिला, काका मात्र दिवसभर खूश होते. पोरगं संपावर गेलं, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं.

मी याच्या अगदी उलट. रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटलं की मी “राहू द्या” म्हणून उतरते. कन्सल्टिंगच्या नोकरीत चार वर्षं मी मोठमोठ्या कंपन्यांना त्यांनी काय मागावं हे सांगत होते, आणि दरवर्षी पगारवाढीचं पत्र देताना मॅनेजरने “खूश ना?” विचारलं की हो म्हणत होते. माझ्याबरोबरच लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा बराच जास्त पगार आहे, हे मला तो नोकरी सोडून गेला त्या दिवशी कळलं. मग चाकणमधल्या एका लहानशा स्टार्टअपने मला बोलावलं. कारखान्यातलं यंत्र बंद पडायच्या आधी सूचना देणारी उपकरणं ते बनवतात. ते काम मला मनापासून हवं होतं. पगार मात्र आत्ताच्यापेक्षा कमी देऊ केला होता आणि उरलेलं कंपनीच्या शेअरमध्ये. वडील निवृत्त झाल्यापासून घराचा हप्ता मी भरते, आणि बँक शेअर घेत नाही. हे मी तिथे बोलले नव्हते. विचार करते, एवढंच म्हटलं होतं. शनिवारी शेवटचं बोलणं होतं.

गुरुवारी मी काकांचं दार वाजवलं. त्यांनी चष्मा लावला, नातवाची वही घेतली आणि तासाभरात सतरा कलमांचं मागणीपत्र तयार केलं. त्यात दोन जोड गणवेश, सेफ्टी शूज, कॅन्टीनचं जेवण, महिन्याला साबण आणि गूळ होता. मी म्हटलं, तिथे सहाच माणसं आहेत आणि मालक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असून हाफ पँट घालून येतो. काका म्हणाले, मग त्याला गणवेशाची जास्तच गरज हाय. शेअरचं मी समजावून सांगितलं. “म्हंजी कंपनी चालली तर बोनस,” ते म्हणाले. “आन न्हाई चालली तर?”

मी वही उचलून वाचायला लागले. प्रत्येक कलम ‘आमची मागणी आहे की’ असं सुरू होत होतं. मी म्हटलं, काका, मी एकटीच आहे. त्यांनी वही परत घेतली, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. निवृत्त होताना तुम्ही स्वतःसाठी काय मागितलं होतं, असं मी विचारलं. कंपनीने जे दिलं त्यावर काकांनी सही केली होती, कागद न वाचता. “एकट्यासाठी मागायची सवयच न्हाई, पोरी. आमी आत बसायचो तवा गेटवर आठशे माणूस उभं असायचं. मग त्वांड आपोआप उघडतं. तुझ्या गेटवर कोण हाय?”

शनिवारी मी खाली आले तर काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरपाशी उभे होते. आत येणार नाही, एवढंच म्हणाले. मोशीच्या ट्रॅफिकमधून मी त्यांना मागे बसवून चाकणला नेलं.

स्टार्टअपचं ऑफिस एका शेडच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक छान बोलला. आम्ही सगळे घरच्यासारखे आहोत, आत्ता सुरुवात कर, पुढच्या वर्षी नक्की बघू, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. मी इंग्रजीत वाक्यं पाठ करून आले होते, पण ती सगळी विनंतीची होती. खिडकीतून खालचं फाटक दिसत होतं. बाजूच्या चहाच्या टपरीवर बाक रिकामं होतं, तरी काका उन्हात, फाटकाच्या बरोबर मधोमध, हात मागे बांधून उभे होते. एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. काका हलले नाहीत.

“मग ठरलं ना?” मालकाने विचारलं.

“नाही,” मी मराठीत म्हटलं. “काम मला हवंय. पण आहे त्यापेक्षा कमी पगार मला चालणार नाही.”